“हॅलो, या आठवड्यात शेतात किती वेळ राबलात?”

महिन्याच्या तीस तारखेला हिशेबाची वही उघडून बसलं, की दुधाचे, वाण्याचे, इस्त्रीचे आकडे पटापट सापडतात. कारण ते त्या त्या दिवशी लिहिलेले असतात. पण कुणी एकदम विचारलं, “वहिनी, गेल्या वर्षभरात तुमच्याकडे मेथी किती किलो आली हो?” तर आपण काय करू? थोडा विचार करू, आठवड्याला दोन जुड्या धरू, बावन्नने गुणू आणि सांगून टाकू. श्रावणात मेथी महाग होती म्हणून आणलीच नाही, मे महिन्यात आपण पंधरा दिवस माहेरी होतो, हे त्या गुणाकारात येत नाही. आपण खोटं बोललो का? मुळीच नाही. आपण अंदाज केला, इतकंच.

आता हाच प्रश्न एखाद्या शेतकरीण बाईला विचारला तर? तिच्याकडे तीन तुकडे जमीन. एकात मका, दुसऱ्यात मका आणि घेवडा मिसळून, तिसऱ्यात रताळी. वही नाही, पेन्सिल नाही. सुगी संपल्यावर कुणीतरी दारात येतं आणि विचारतं, “या हंगामात खुरपणीला किती दिवस गेलात? दिवसाला किती तास? कोणत्या तुकड्यात?” तीही तेच करते, जे आपण मेथीचं केलं. अशा हजारो बायाबापड्यांच्या उत्तरांची बेरीज होऊन मग देशाचा आकडा तयार होतो. यंदा धान्य किती पिकलं, परदेशातून किती आणावं लागेल, कोणत्या जिल्ह्याला मदत पाठवायची, शेतीत बायका किती राबतात, हे सारं त्या आकड्यावरून ठरतं. आकडा चुकला, तर धान्याचं जहाज उशिरा निघतं नि भाव चढतात. आणि ज्या घरात खरोखर चूल थंड पडली आहे ते घर यादीतून सुटतं.

म्हणून गेली काही वर्षं आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या अनेक देशांत एक साधा वाटणारा पण अवघड प्रश्न तज्ज्ञ मंडळी सोडवत आहेत: शेतकऱ्याला विचारायचं ते घरी जाऊन विचारावं, की फोनवर विचारावं, की दोन्हींचा मेळ घालावा?

मारा प्रांतातला प्रयोग

टांझानिया हा पूर्व आफ्रिकेतला देश. त्याच्या उत्तरेला, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी मारा नावाचा प्रांत आहे. तिथल्या लांब पावसाळ्याला ‘मसिका’ म्हणतात. २०१४ च्या मसिका हंगामात जागतिक बँकेशी संबंधित संशोधकांनी तिथे एक प्रयोग केला. साडेआठशेच्या वर शेतकरी कुटुंबं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे गट पाडले. एका गटाकडे हंगामभर दर आठवड्याला माणूस घरी जाई नि विचारी, “गेल्या आठवड्यात कोण कोण, कुठल्या तुकड्यात, किती वेळ राबलं?” दुसऱ्या गटाला हाच प्रश्न दर आठवड्याला फोनवरून विचारला जाई. उरलेल्यांना नेहमीच्या रिवाजाप्रमाणे हंगाम संपल्यावर एकदाच विचारलं.

निकाल आला तो डोळे उघडणारा होता. हंगामाच्या शेवटी आठवून सांगणाऱ्यांनी एकेका माणसाचे एकेका तुकड्यातले कामाचे तास सांगितले ते आठवड्याच्या हिशेबापेक्षा जवळजवळ चौपटीपर्यंत जास्त! का बरं? समजा, एखादी बाई म्हणाली, “तीन महिने हंगाम, आठवड्यातून चार दिवस जाते, पाच तास असते.” म्हणजे बारा आठवडे गुणिले चार गुणिले पाच, झाले २४० तास. पण खरं पाहिलं तर पेरणीचे नि खुरपणीचे आठवडे सोडले, तर मधले कितीतरी आठवडे त्या तुकड्यात फारसं कामच नसतं. एक आठवडा मूल तापानं फणफणलेलं, एक आठवडा नात्यातलं लग्न. लक्षात राहतात ते कंबर मोडणारे दिवस. रिकामे दिवस कोण लक्षात ठेवतो?

पण याहून मजेची गोष्ट पुढेच आहे. शेवटी आठवून सांगणारे तास जास्त सांगत होते, त्याच वेळी ते काही तुकडे आणि काही माणसं साफ विसरत होते. बांधाजवळचा भाजीचा वाफा, शाळेतून आल्यावर पाखरं हाकणारं पोर, अधूनमधून हात लावणारी सासू, यांची नावं गाळली जात. एकीकडे फुगवटा, दुसरीकडे गळती. त्यामुळे घराची एकूण बेरीज बऱ्याच अंशी जवळ येई आणि वरून पाहणाऱ्याला वाटे, सगळं ठीक आहे! महिनाअखेर वाण्याचा हिशेब चाळीस रुपयांनी जास्त आणि दूधवाल्याचा चाळीसनं कमी धरला, तर बेरीज जुळते. पण हिशेब बरोबर असतो का?

आणि दर आठवड्याचा फोन? त्याची उत्तरं दर आठवड्याच्या घरभेटीच्या उत्तरांशी बरीचशी जुळली. दर आठवड्याला खाचखळग्यांच्या रस्त्यानं माणूस पाठवायचा खर्च कोणत्याही सरकारला परवडणारा नाही. फोन त्या मानानं कितीतरी स्वस्त. म्हणजे जे काम आठवणीवर सोडलं तर बिघडतं, तिथे फोन उपयोगी पडतो, हे या प्रयोगानं दाखवून दिलं.

फोनला जे जमत नाही

मग घरोघर जाणं बंदच करावं का? छे! फोनला काही गोष्टी मुळीच जमत नाहीत. पहिली गोष्ट जमिनीची मोजणी. “तुमचं शेत केवढं?” असं विचारलं तर शेतकरी आपल्या अंदाजानं सांगतो. युगांडातल्या पाहणीत लोकांनी सांगितलेलं क्षेत्र आणि उपग्रहाच्या मदतीनं जागा दाखवणाऱ्या यंत्रानं मोजलेलं क्षेत्र शेजारी ठेवून पाहिलं, तेव्हा दिसलं की ज्यांची जमीन थोडी ते ती वाढवून सांगतात आणि ज्यांची जास्त ते कमी करून. यात लबाडीच असते असं नाही. नजरेचा अंदाजच तसा असतो. पण क्षेत्र चुकलं, की एकरी उतारा चुकला. त्यासाठी माणसानं यंत्र हातात घेऊन बांधाबांधानं फिरायलाच हवं.

दुसरी गोष्ट मापाची. आपल्याकडे पायली, शेर, मण. आणि एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच असं नाही. आफ्रिकेतही पीक सांगतात ते टोपल्या, पोती, घड आणि ढिगांत. ‘मोठी टोपली’ म्हणजे केवढी? मलावी देशात पाहणी करणारे लोक वेगवेगळ्या आकाराच्या ढिगांचे नि टोपल्यांचे फोटो बरोबर नेतात आणि विचारतात, “बाई, यातली कोणती?” फोनवर फोटो दाखवायचा कसा? गावातला बहुतेकांचा फोन साधा, बटणांचा.

तिसरी गोष्ट पीककापणीची, आणि इथे एका मराठी माणसाचं नाव अभिमानानं घ्यायला हवं. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी झाला. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेत असताना त्यांनी पीक मोजण्याची शास्त्रशुद्ध पद्धत उभी करण्यात मोठा वाटा उचलला. शेतं चिठ्ठ्या टाकून निवडायची, निवडलेल्या शेतात नेमका एक चौकोन आखायचा, त्यातलंच पीक कापून, मळून, तोलून पाहायचं. त्या काळात चौकोन केवढा असावा यावर मोठा वाद झाला. सुखात्मे यांनी दाखवून दिलं की तुकडा अगदी लहान घेतला तर उतारा फुगतो. कारण कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर असा प्रश्न पडला, की माणूस ते आत ओढतो. तुकडा लहान असला की कडेच्या रोपांचं प्रमाण मोठं, म्हणून चूकही मोठी. आपल्याकडे अनेक पिकांसाठी दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा घेतात तो अशाच अनुभवातून. पुढे १९५१ साली सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून गेले आणि तिथून अनेक गरीब देशांना आपलं पीक मोजायला शिकवण्याचं काम झालं. आता सांगा, विळा घेऊन चौकोनातलं भात कापायचं काम फोनवरून कसं व्हावं?

चौथी गोष्ट विश्वासाची. दारात आलेल्या माणसाला आपण बसायला पाट देतो, पाणी देतो, त्याचं ओळखपत्र पाहतो, मग मोकळेपणी बोलतो. अनोळखी नंबरावरून आलेल्या आवाजाला कोण सांगणार, आमच्याकडे किती पोती धान्य आहे ते?

मार्च २०२० : दारं बंद झाली

मग आलं करोनाचं वर्ष. २०२० च्या मार्चपासून देशोदेशी दारं बंद झाली. घरभेटी थांबल्या. नेमकं तेव्हाच लोकांच्या पोटाचं काय चाललंय हे कळणं सगळ्यांत गरजेचं होतं. इथिओपिया, नायजेरिया, मलावी, युगांडा या देशांच्या सांख्यिकी कार्यालयांनी जागतिक बँकेच्या मदतीनं फोन उचलला. पण नंबर आणले कुठून? इथेच आधीच्या घरभेटी कामी आल्या. एक-दोन वर्षांपूर्वी ज्या कुटुंबांना घरी जाऊन प्रश्न विचारले होते, त्यांचे फोन नंबर त्या वेळी लिहून ठेवलेले होते. इथिओपियात पहिल्या फेरीत ३,२४९ कुटुंबांशी बोलणं झालं, नायजेरियात १,९५० कुटुंबांशी. आणि मग त्याच घरांना पुन्हा पुन्हा फोन करून पाहणी चालू राहिली. पेरणी झाली का, खत मिळालं का, बाजार उघडला का, कुणी उपाशी झोपलं का?

आपल्याकडेही त्या वर्षी सरकारच्या रोजगारविषयक पाहणीत शहरी भागातल्या पुनर्भेटीच्या मुलाखती फोनवरून घेतल्या गेल्या.

पण आपल्यात म्हण आहे ना, शितावरून भाताची परीक्षा. शीत पाहायचं ते ढवळलेल्या भांड्यातलं. वरवरचं शीत मऊ लागलं म्हणून तळचा भात शिजला असं नाही. फोनची पाहणी म्हणजे वरचं शीत! इथिओपियाच्या ग्रामीण भागात निम्म्याहून कमी घरांत फोन होता. ज्यांच्याकडे फोन ती घरं जरा सुस्थितीतली, शहराजवळची, शिकलेली. सगळ्यांत गरीब घर म्हणजे भांड्याचा तळ, त्यांना घंटी वाजतच नाही.

यावर संख्याशास्त्रज्ञांनी एक तोड काढली. आधीच्या घरभेटीमुळे त्यांना ठाऊक होतं की फोन नसलेली घरं कशी आहेत. समजा, एका भागात अगदी गरीब अशी तीस घरं आहेत आणि त्यातल्या दहांकडेच फोन आहे. तर त्या दहांपैकी प्रत्येक घराचं उत्तर तीन घरांचं म्हणून मोजायचं. याला ‘वजन देणं’ म्हणतात. यानं चूक बरीच कमी होते, पण पूर्ण जात नाही. कारण फोन असलेलं गरीब घर आणि फोन नसलेलं गरीब घर ही तंतोतंत सारखी नसतात. आणि मुख्य म्हणजे, आधी घरोघर जाऊन केलेली पाहणी हाताशी नसेल तर वजन द्यायचं ते कशाच्या आधारानं? घरभेट हा पाया, फोन हा त्यावरचा मजला.

फोन उचलला कुणी?

आता आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा. घरात फोन वाजला, तर तो उचलतं कोण? पुढचा संवाद कुठल्याही देशातल्या घरात ऐकू येईल:

“हॅलो, शेतीच्या पाहणीसाठी बोलतोय. घरातल्या ताईंशी बोलायचं होतं.”

“तिला काय ठाऊक? मीच सांगतो की. विचारा.”

करोनाच्या वर्षातल्या त्या चार आफ्रिकी देशांच्या फोन पाहण्या तपासल्या, तेव्हा हेच दिसलं. फोनवर बोलणारी माणसं देशातल्या सर्वसाधारण प्रौढ माणसांसारखी नव्हती. ती बहुतांशी कुटुंबप्रमुख होती, वयानं मोठी होती, जास्त शिकलेली होती. घरातली सून, धाकटी जाऊ, लग्न न झालेली बहीण यांचा आवाज फारसा आलाच नाही. आणि वजन देऊन घर बदलता येतं, पण कारभाऱ्याच्या उत्तराचं कारभारणीचं उत्तर करता येत नाही!

याचं मोल केवढं आहे ते एका उदाहरणावरून पाहा. कितीतरी वर्षं सगळीकडे एक वाक्य छापलं जात होतं की आफ्रिकेतल्या शेतीचं ६० ते ८० टक्के काम बायका करतात. ऐकायला छान, पण त्याला पुरावा काय? पुढे सहा देशांत घरोघर जाऊन, एकेका तुकड्यात कोण राबलं ते विचारून केलेल्या पाहण्यांचा हिशेब झाला. सरासरी निघाली ४० टक्क्यांच्या आसपास. पण देशादेशांत फरक केवढा! युगांडात ५६ टक्के, टांझानिया आणि मलावीत निम्म्याहून थोडं जास्त, नायजेरियात ३७, इथिओपियात २९ आणि नायजरमध्ये २४. कुणाला वाटेल, आकडा कमी आला म्हणजे बायकांचं नुकसान झालं. तसं नाही. खरा आकडा हाती असेल तरच कुठल्या देशात बायकांसाठी बियाण्याची, कर्जाची, अवजारांची सोय आधी करायला हवी ते ठरतं. नुसत्या स्तुतीनं खुरपं हलकं होत नाही.

आणि हा हिशेब फक्त शेतातल्या कामाचा. पाणी भरणं, दळणकांडण, गुरांचं, पोरांचं, चुलीचं वेगळंच. भारतात २०१९ साली सरकारनं वेळेच्या वापराची पाहणी केली. आदल्या दिवशीच्या पहाटे चारपासून पुढचे चोवीस तास कसे गेले ते घरी जाऊन विचारलं. घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ निघाला २९९ मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. ही गोष्ट कुठल्या बाईला ठाऊक नव्हती? पण सरकारी कागदावर आकड्यानं आली, की तिला वेगळं बळ येतं.

फोनच्या बाबतीत आपली स्थितीही पाहून ठेवू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार, स्वतः वापरत असलेला मोबाइल आहे असं सांगणाऱ्या बायका देशात सुमारे ५४ टक्के होत्या. ग्रामीण भागात निम्म्याहून कमी. म्हणजे नुसत्या फोनवर भिस्त ठेवली, तर गावातल्या दोनांपैकी एकीला तरी तिच्या स्वतःच्या फोनवर गाठता येणार नाही.

कंटाळा हाही एक आकडा

आणखी एक गोष्ट, जी गृहिणीला चटकन पटेल. कुकरची शिट्टी होतेय, पोर रडतंय आणि फोनवर कुणीतरी अर्धा तास प्रश्न विचारतंय, तर शेवटच्या प्रश्नांना आपण कशी उत्तरं देऊ? “नाही, नाही, ते पण नाही” असं म्हणून सुटका करून घेऊ. इथिओपियात हे पडताळून पाहिलं. आयांना फोनवर विचारलं, “काल तुम्ही काय काय खाल्लंत? डाळ? भाजी? अंडं? दूध?” काहींना हे प्रश्न आधी विचारले, काहींना सुमारे पंधरा मिनिटं उशिरा. उशिरा विचारलेल्या आयांच्या उत्तरांतली पदार्थांची विविधता ८ ते १७ टक्क्यांनी कमी भरली! आहार तोच, बायका तशाच. फरक फक्त कंटाळ्याचा. आणि कागदावर मात्र दिसलं असतं की या बायकांचा आहार निकृष्ट आहे.

मग मेळ कसा घालावा?

या सगळ्या अनुभवांतून आता जी रीत चांगली मानली जाते ती थोडक्यात अशी. हंगामाच्या सुरुवातीला घरी जायचं. घरातली माणसं, जमिनीचे तुकडे, प्रत्येक तुकड्याचा कारभार कोण पाहतं, हे लिहायचं. जमीन यंत्रानं मोजायची. टोपली-पोत्याचं माप ठरवून ठेवायचं. एकच नव्हे, दोन-तीन नंबर घ्यायचे. घरातल्या बाईचा, मुलाचा, शेजाऱ्याचा. फोन कोणत्या वेळी केलेला सोयीचा, तेही विचारून ठेवायचं. मग पेरणी, खुरपणी, काढणी अशा मोक्याच्या वेळी छोटे फोन करायचे आणि जे चटकन विसरलं जातं तेवढंच विचारायचं: कामाचे तास, मजुरी, खताचा भाव, थोडी थोडी काढलेली कंदमुळं. कसाव्यासारखं कंदपीक वर्षभर लागेल तसं उपटून खातात. आपण परसातलं अळू काढतो ना, तसं. त्याचा हिशेब सुगीला एकदम कसा आठवावा? मलावीत त्यासाठी घरात रोजनिशी ठेवायला देऊन वर फोनवरून आठवण करण्याचा प्रयोग झाला. शेवटी सुगीला पुन्हा घरी जाऊन पीक तोलायचं.

ज्यांच्याकडे फोन नाही त्यांचं काय? त्यांच्याकडे माणूसच पाठवायचा, किंवा फोन द्यायचा. टांझानियात ‘सौती झा वनांची’ म्हणजे ‘नागरिकांचा आवाज’ या नावाच्या पाहणीत, २०१२ मध्ये, घरभेटीच्या वेळी कुटुंबांना फोन आणि सूर्यप्रकाशावर चालणारा चार्जर दिला होता. ज्या गावात वीज नाही तिथे नुसता फोन देऊन काय उपयोग, हे ज्यानं ओळखलं त्याला संसार कळतो म्हणायचं!

भारतात अजून शेतकरी कुटुंबांच्या मोठ्या पाहणीचा भर घरभेटीवरच आहे. २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७ व्या फेरीत त्याच कुटुंबाकडे वर्षात दोनदा जाऊन दोन हंगामांचा हिशेब वेगवेगळा विचारला, तो याच विचारानं की आठवणीवर वर्षाचं ओझं नको. शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये हा आकडा त्यातून आला. आणि जगभरात २०३० पर्यंत ५० गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत शेतीच्या पाहण्या सुधारायच्या, असा उपक्रम अन्न आणि शेती संघटना, जागतिक बँक व शेतीविकासासाठीचा आंतरराष्ट्रीय निधी मिळून चालवत आहेत.

आपल्या दारी पाहणी आली तर

मैत्रिणींनो, आपण शहरगावात राहत असलो तरी आपलंही घर कधी ना कधी एखाद्या पाहणीत निवडलं जाईल. तेव्हा एवढं ध्यानात ठेवा:

१. दारात आलेल्या माणसाचं ओळखपत्र पाहायला मागा. त्यात संकोच कसला? खरा कर्मचारी ते आनंदानं दाखवतो.

२. फोन आला तर कोणत्या कार्यालयातून, कशासाठी, हे विचारा. खऱ्या पाहणीत बँकेचा खातेक्रमांक, कार्डाचा नंबर, ओटीपी कधीच विचारत नाहीत. विचारलं की फोन ठेवून द्या.

३. वेळ सोयीची नसेल तर सरळ सांगा, “दुपारी तीननंतर करा.” घाईची उत्तरं देण्यापेक्षा हे शतपटीनं बरं.

४. नक्की आठवत नसेल तर तसं सांगा. त्याला आवडेल असा आकडा सांगू नका.

५. बाईबद्दलचा प्रश्न असेल तर उत्तर बाईनंच द्यावं. “हे सांगतील” म्हणून फोन पुढे करू नका. घरात सासूबाई, जाऊबाई असतील तर त्यांचं त्यांना सांगू द्या.

६. “तुम्ही काय करता?” या प्रश्नाला “काही नाही, घरीच असते” हे उत्तर देण्याआधी क्षणभर थांबा. शिवणकाम, पापड-लोणच्याची ऑर्डर, दुकानात बसणं, शिकवण्या, सासरच्या शेतावर सुगीला जाणं, घरच्या म्हशीचं दूध घालणं, हे सगळं सांगा. पाहणी करणारा ते कोणत्या रकान्यात टाकायचं ते ठरवील. न सांगितलेलं काम मात्र कुठल्याच रकान्यात जात नाही.

आणि जमल्यास एक गंमत करा. एकच आठवडा, हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर, रोज रात्री निजण्याआधी आपल्या कामाचे तास लिहा. शनिवारी बेरीज करण्याआधी अंदाजानं एक आकडा मनाशी धरा आणि मग बेरजेशी ताडून पाहा. दोहोंत फरक पडला, तर मारा प्रांतातल्या त्या शेतकरणींना सुगीनंतर सगळं आठवून सांगताना काय झालं असेल, ते निराळं समजावून सांगायला नको. आणि पान फाडू नका. घरातल्या मंडळींच्या नजरेस पडेल असं राहू द्या.